दोन्हीकडे छापा

भिंगदादांचं म्हणणं असं, की नाणं बोलतं, फक्त ऐकणारा हवा. आणि तसा ऐकणारा पंचक्रोशीत एकच. तो कोण, हे ते सांगत नसत, नुसतं भिंग पुसत. माळ्यावर सापडलेले डबे, आजीच्या ट्रंकेतल्या नोटा घेऊन लोक त्यांच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात येत. आधी वजन, मग भिंग, मग भाव, असा दादांचा शिरस्ता.

त्या दिवशी धाकटी बहीण आली. घर आवरताना बाबांच्या कोटात एक नाणं सापडलं होतं. दादांनी ते बघताक्षणी ओळखलं. लहानपणी खिडकीजवळच्या अंथरुणावरून भावंडांची रोज जुंपायची, तेव्हा बाबा हेच नाणं उडवायचे. धाकटी म्हणून ती आधी मागायची, कायम छापा. दादांच्या वाट्याला उरलेला काटा, आणि भिंतीकडची उकाड्याची जागा. बाबा नाणं झेलून क्षणभर दाखवायचे आणि लगेच खिशात टाकायचे. ते एकदा हातात घेऊन बघायची दादांची फार इच्छा होती. नाण्यांचं वेड लागलं ते तिथूनच. आता ते तळहातावर होतं.

त्यांनी नाणं उलटलं. छापा. पुन्हा उलटलं. छापाच.

"टांकसाळीची चूक आहे ही! लाखात एक निघतं असं." तराजू शेजारीच होता, पण आनंदाच्या भरात वजन करायचं राहून गेलं.

"दादा, अरे ऐक तरी."

"तुला यातलं काय कळतं? गप्प बस."

नाण्यांचे शौकीन असलेले एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांना लगेच फोन गेला, दोन लाखांची तयारी ठेवूनच या म्हणून. शेजारचा शिंपी आणि समोरचा घड्याळजी आपणहून जमले. चाळीस वर्षांत आपली नजर चुकलेली नाही, हे दादांनी दोघांनाही वेगवेगळं ऐकवलं.

डॉक्टर आले. त्यांनी आधी नाणं तराजूत टाकलं. वजन जुळेना. मग कडेवर भिंग धरलं आणि नाणं, भिंग दोन्ही दादांपुढे सरकवलं. कडेच्या आतून केसाएवढी रेघ गेली होती. दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली!

"काम झकास आहे हो," डॉक्टर म्हणाले. "लेथवरचा कुणीतरी कसबी माणूस दिसतोय."

बाबा जन्मभर कारखान्यात लेथवरच होते. दादांनी भिंग खाली ठेवलं. शिंपी आणि घड्याळजी हसू दाबत निघाले, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा ठरलेला. डॉक्टरही दादांच्या पाठीवर थोपटून गेले.

"तुला ठाऊक होतं?" दादांनी बहिणीला विचारलं.

"दहा वर्षांची असताना बाबांच्या खिशात सापडलं होतं. मला तेव्हा धाप लागायची, मोकळी हवा हवी असायची. आजारी आहे म्हणून जागा दे म्हटलं असतं, तर तू रुसला असतास आणि मी रडले असते. म्हणून बाबांनी सगळं नशिबावर ढकललं."

दादांना बाबांचा राग आला, आणि त्याहून कितीतरी जास्त आठवण आली.

"पण एकदा मी जिंकलो होतो," ते हट्टाने म्हणाले. "मला गोवर आला होता तेव्हा. ते तरी माझ्या नशिबाचं होतं ना?"

"त्या दिवशी मी काटा मागितला होता," बहीण म्हणाली.