बन्सीलाल आबांची नाणेतुला

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या बन्सीलाल बैसाणे यांना दोन गोष्टी उत्तम जमत: सुट्टे पैसे परत देणं आणि उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पाहणं. दोन्हींत आपला हात धरणारा खान्देशात कोणी नाही, असं ते स्वतःच सांगत. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, त्यांतली बावीस धुळे-जळगाव गाडीवर. एवढ्या वर्षांत एकाही प्रवाशाचा रुपया त्यांच्याकडे राहिला नाही. एरंडोल गेलं की मात्र खिडकीबाहेरचा फुटलेला कापूस बघता बघता ते कुठल्या कुठे जात. एकदा तर बेल मारायचीच राहिली आणि पाळधीला उतरणारं अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट जळगावला पोचलं.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आता एकच स्वप्न उरलं होतं: गॅलरीत सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, तिला पितळी कड्या, आणि समोर लळिंगचा डोंगर.

"एकतीस वर्षं गाडी हलली अन् मी उभा राहिलो," ते पत्नीला, लिलाबाईंना म्हणत. "आता मी बसणार अन् बंगई हलणार. तुम्ही शेजारी."

"अठरा हजार कुठून आणशात?" लिलाबाई विचारत. तेवढ्यावर बंगई पुन्हा आभाळात जाई.

आभाळातून ती खाली आली ती ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत. चर्चेचा विषय होता, छोटी नाणी आणि छोट्या नोटा बंद कराव्यात की नाही. किराणा मालाचे व्यापारी रतनलाल ओस्तवाल बंद करा म्हणणाऱ्यांचे पुढारी. रुपयाऐवजी चॉकलेट देऊन त्यांच्या गल्ल्याचं गोळ्या-बिस्किटांचं दुकान झालं होतं. दहाचं नाणं गिऱ्हाईक घेत नाही, पाचची नोट चिकटपट्टीवर जगते, मग हा जीव कशाला जगवायचा, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग आबा उठले.

"शंभराच्या नोटेत शंभर प्रवासी बसलेले असतात," ते शांतपणे म्हणाले. "त्यातला एक लहान आहे म्हणून खाली उतरवला, तर गाडीत नव्व्याण्णवच राहतील. शंभर म्हणायची सोय राहणार नाही."

टाळ्यांनी हॉल दणाणला. रतनलाल व्यापारी असले तरी मनाचे मोठे. त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं, की येत्या रविवारी बन्सीलाल आबांना सत्तर पूर्ण होतात, तेव्हा संघ त्यांची नाणेतुला करेल. एका पारड्यात आबा, दुसऱ्यात छोटी नाणी. आबांच्या वजनाची सगळी नाणी आबांना भेट.

आबा घरी चालत आले, पण त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. वजन अडुसष्ट किलो. मुलगी समीक्षा जळगावला एका बँकेत होती, तिला फोन लावला.

"सगळी रुपयाचीच आली, तर अठरा हजारांच्या आसपास जातील," ती म्हणाली. "पण बाबा, दहाची आली तर ऐंशी हजारांच्या वर."

आबांनी फोन ठेवला आणि डोळे मिटले. गॅलरीत एक बंगई. स्वयंपाकघरात एक, म्हणजे लिलाबाईंना झुलत झुलत मेथी निवडता येईल. एक गच्चीवर, चांदण्यासाठी. संध्याकाळी कौतिक मिस्त्रीकडे जाऊन त्यांनी घरात होते नव्हते ते तीन हजार बंगईसाठी आगाऊ देऊन टाकले. घरी येऊन ते जेवायलाच बसले. किलो वाढला तर रुपये वाढणार होते. सकाळी कळण्याची भाकरी, दुपारी भरीत, रात्री शेवभाजी. चौथ्या दिवशी लिलाबाईंनी पातेलं उलटं करून दाखवलं, तेव्हा कुठे ते उठले.

रविवारी हॉलमध्ये सावद्याहून मागवलेला केळी तोलायचा जुना काटा लोखंडी तुळईला टांगला होता. एकेका पारड्यात माणूस मांडी घालून बसेल एवढी त्यांची ऐसपैस घडण. आबा नवा सदरा घालून, गळ्यात हार घेऊन बसले. समीक्षा टेबल-खुर्ची घेऊन दाराशी बसली. आभार मानताना कोणी राहायला नको, म्हणून येणाऱ्याचं नाव आणि त्यानं टाकलेली नाणी ती वहीत लिहीत होती.

दुपारचे बारा वाजले तरी आबांचं पारडं फरशीला चिकटलेलं. संघातल्या मंडळींनी आणलेली नाणी जेमतेम वीस किलो भरली. रतनलालांना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी फोन काढला आणि गावातल्या सगळ्या गटांवर निरोप टाकला: "छोटी नाणी बंद करावीत का यावर आपण खूप भांडलो. आता घरातली नाणी घेऊन देवपूरच्या हॉलवर या आणि बन्सीलाल आबांचा मान करा."

निरोप या फोनवरून त्या फोनवर जाताना मधला मजकूर गळत गेला. मोहाडीला पोचेपर्यंत एवढाच उरला: "छोटी नाणी बंद. घेऊन देवपूरच्या हॉलवर या."

दीड वाजता माणसं येऊ लागली. डबे, गाडगी, मातीचे गल्ले, देवघरातल्या वाट्या, एका घरातून तर चहाची किटली. रतनलालांचा ऊर भरून आला. "बघा, गावाचं प्रेम," ते म्हणाले आणि रांग लावू लागले.

तीनच्या सुमारास आबांचं पारडं फरशीवरून सुटलं. हलकेच, जराही धक्का न लागता ते अधांतरी झालं आणि झुलू लागलं. आबांनी डोळे मिटले. नाणी पडण्याचा आवाज दूर दूर गेला. समोर लळिंगचा डोंगर निळा झाला होता, शेजारी लिलाबाई होत्या, त्यांच्या पदराला मेथीचा वास होता, आणि कोणालाही कुठेही उतरायचं नव्हतं. आबांना गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा समोर पंखा होता. खूप जवळ. खाली बघितलं तर माणसांची टाळकी दिसली. नाण्यांचं पारडं फरशीवर टेकलं होतं, वर नाण्यांची टेकडी झाली होती, आणि लोक अजून ओततच होते.

"रतनशेठ, झालं की हो वजन," आबा वरून म्हणाले.

"बसा आबा, अजून रांग आहे," रतनलाल खालून म्हणाले.

"आहो, पाय झाका. लोके देखी ऱ्हायनात," लिलाबाईंनी सांगितलं.

तेवढ्यात समीक्षाच्या टेबलाशी बेबाबाई उभी राहिली. पाचकंदीलच्या बाजारात भाजी विकणारी. डालड्याचा मोठा डबा ओतून, नाव सांगून, ती तिथंच थांबली होती.

"माय, नोटा कधी भेटतीन?" तिनं विचारलं.

"कसल्या नोटा, मावशी?"

"नाणा बंद व्हयनात ना. बठ्ठा साडेचार हजारना शेतस. तुले लिखी दिधं. पोरनी फी भरनी शे उद्या."

समीक्षाची लेखणी थांबली. मागच्या माणसानंही तेच विचारलं. त्याच्या मागच्यानंही. बँकेतली बाई वही घेऊन बसली आहे म्हटल्यावर कोणाला शंकाच आली नव्हती.

रतनलाल घाम पुसत पुढे आले. तुलेत पडलेलं परत काढत नाहीत, तो अपशकुन असतो, असं ते म्हणू लागले. रांग मोडली. आवाज चढले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना वर गेल्या, कारण नाणी ज्याची होणार होती तो माणूस पंख्याशेजारी बसलेला होता.

आबांनी खालच्या टेकडीकडे पाहिलं. एवढ्यात तीन बंगया सहज आल्या असत्या. पितळी कड्यांसकट. तुलेतलं परत काढत नाहीत हेही त्यांनी ऐकलं होतं, आणि क्षणभर त्यांना तो रिवाज फार चांगला वाटला. मग बेबाबाई दिसली. ती रिकामा डबा पोटाशी धरून उभी होती.

"समीक्षा," आबा म्हणाले, "वही वाच. ज्याचं त्याला देऊन टाक. पहिला डबा या बाईंचा भर."

"आबा, विचार करा," रतनलाल हळूच म्हणाले.

"शेठ, विचार केला तर देणं होणार नाही. लवकर वाचायला सांगा."

नाव वाचलं जाई, डबा भरला जाई, आणि आबा वीतभर खाली येत. किटली गेली, पंखा दूर झाला. गल्ले गेले, टाळकी पुन्हा चेहरे झाली. सहा वाजता त्यांचे पाय फरशीला लागले. आपली वीस किलो नाणी तरी आबांना राहणार म्हणून संघातली मंडळी निश्चिंत होती; पण वहीतल्या नावांची नाणी पुरवता पुरवता तीही संपली, कारण काही लोकांनी ओतताना शंभर आणि सांगताना दीडशे सांगितले होते.

तरी पारड्यात अकरा किलो उरली. कोणी नाव न लिहिता ओतलेली: केव्हाच बंद झालेले चार आणे, दहा पैसे, दुबईचं एक नाणं आणि बरेच लोखंडी वायसर.

कौतिक मिस्त्रीनं आठवड्यानं बंगई आणली. तीन हजारांत फळी बसत होती, कड्या बसत नव्हत्या, म्हणून त्यानं ती नायलॉनच्या दोरानं टांगली. आबा आणि लिलाबाई संध्याकाळी तिच्यावर बसले. दोर कुरकुरत होता. डोंगर निळा होत गेला.

"चांगलं वाटस," शेवटी लिलाबाई म्हणाल्या. आबांना तेवढ्यात सगळं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला तोताराम आला. त्यानं अकरा किलोंचं पोतं काट्यावर ठेवलं, दोनदा तोललं आणि म्हणाला, "चारशे चाळीस होतात, आबा." मग त्यानं बंडीच्या खिशातून पाचशेची नोट काढून पुढे केली.

"फक्त साठ रुपये सुट्टे द्या."