बिनघोड्याच्या गाडीचा घोडा

गिरगावातल्या सभ्य गृहस्थाने रोज कशात बसून कचेरीला जावे, हा प्रश्न सन १८९९ च्या चैत्रात आमच्या वाडीत ऐरणीवर आला. तोवर गणपतराव मानकर आपल्या जुन्या शिग्रामातून कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, कचेरीत जात. शिग्राम धोंडू हाकी आणि मैना नावाची घोडी ओढी. या व्यवस्थेत चौदा वर्षे काहीच बिघडले नव्हते, आणि नेमके हेच गणपतरावांना खुपू लागले. विलायतेतले लोक विजेच्या गाडीतून हिंडतात असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले, आणि आपण अजून एका शेपटीमागे बसून कचेरीत जातो याची त्यांना भारी लाज वाटू लागली.

गणपतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे निवड रीतसर होणे भाग होते. त्यांनी कमिटी नेमली. अध्यक्ष ते, सभासद ते, आणि चिटणीस म्हणून शेजारी राहणारा मी. कमिटीच्या अकरा बैठका झाल्या. ट्रामचा विचार झाला. पण उन्हाळ्यात ट्रामच्या घोड्यांना टोप्या घालतात आणि आतल्या उतारूंची कोणी विचारपूसही करत नाही, हे अध्यक्षांना पसंत पडले नाही. पायगाडीचा विचार झाला. पण धोतराचे आणि साखळीचे पटत नाही, असा पलीकडच्या वाडीतल्या एका गृहस्थांचा ताजा अनुभव होता आणि ते अजून लंगडत होते. घासलेटवर चालणारी गाडी वासामुळे बाद झाली. राहिली विजेची.

विजेच्या गाडीचे छापील पुस्तक कमिटीपुढे आले. गाडी शिग्रामासारखी उंच आणि उघड्या फेटणीसारखी आटोपशीर होती. म्हणजे धड शिग्राम नव्हे, धड फेटण नव्हे, आणि म्हणूनच दोहोंपेक्षा महाग. चित्रात एक मडम हसत हसत ती चालवत होती. एकदा पोटात वीज भरली की पंचवीस मैल जाते, असे ठळक अक्षरांत होते. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की रस्ता सपाट, हवा थंड आणि आत बेताच्या वजनाचा एकच इसम असावा. मी ते मोठ्याने वाचले. गणपतराव एकटे असले तरी बेताचे नव्हते.

"चिटणिसाने नोंदी कराव्यात, शंका काढू नयेत," ते म्हणाले.

तेव्हा मी नोंद केली की कमिटी समाधानी आहे.

ठराव झाला त्याच दिवशी धोंडूला बोलावले. चौदा वर्षे तो आणि त्याची बायको रखमा तबेल्यावरच्या माळ्यावर राहत होती. गणपतरावांनी त्याला शांतपणे सांगितले की दसऱ्याला नव्या गाडीची पूजा होईल, त्या दिवसापासून तबेला मोकळा करायचा, आणि मैनाला एका भाड्याच्या गाडीवाल्याला द्यायचे ठरले आहे. धोंडूने टोपी काढून हातात धरली.

"भाऊनू, ही नवी गाडी खाता काय?"

"वीज."

"आणि ती खंय मिळता?"

"तो तुझा प्रश्न नव्हे."

प्रश्न खरे म्हणजे कोणाचाच नव्हता, कारण अकरा बैठकांत तो निघालाच नव्हता. धोंडू खाली गेला आणि मैनाच्या मानेवरून किती तरी वेळ हात फिरवत उभा राहिला. मला वाईट वाटले, हे कबूल करतो. पण माझ्या नोंदवहीत वाईट वाटण्याचा रकाना नव्हता.

श्रावणात गाडी बोटीने आली. सारी वाडी गॅलऱ्यांत उभी राहिली. गाडी काळी कुळकुळीत होती, पितळी दिव्यांची होती आणि तिच्या पोटात शिशाच्या पेट्या असल्यामुळे बारा हमालांनाही ती उचलेना. गणपतरावांच्या पत्नी अंबिकाबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि विचारले, "अहो, हिला पुढे काहीच नाही?"

"हेच तर तिचे वैशिष्ट्य," गणपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते परवाना कचेरीत गेले. मीही कागद सांभाळायला बरोबर होतो. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवले. रकाना घोड्यांच्या संख्येचा होता.

"हा कोरा आहे."

"गाडीला घोडा नाही."

"मग शून्य घाला."

गणपतरावांनी शून्य घातले. कारकुनाने पान उलटले. "शून्य घोड्यांची गाडी म्हणजे वापरात नसलेली गाडी. वापरात नसलेल्या गाडीला रस्त्याचा परवाना देता येत नाही."

"पण ती घोड्याशिवायच चालते!"

"साहेब, ती कशी चालते हे अर्जात विचारलेलेच नाही. घोड्याचा रंग, वय आणि गुरांच्या डॉक्टरचा दाखला एवढेच विचारले आहे. आणि परवान्यावर लिहिलेला घोडा रस्त्यावर गाडीच्या पुढेच दिसला पाहिजे."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. पण गणपतरावांनी स्वतः वीस वर्षे कोऱ्या रकान्यांचे अर्ज परत पाठवले होते. एका विधवेचा तर सात वेळा. कारकुनाची ही शिस्त पाहून त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: घोडी एक, रंग तांबूस, वय सोळा.

अशा रीतीने मैनाची विक्री रहित झाली. घोडीला धरायला माणूस लागतो, म्हणून धोंडूची रवानगीही दसऱ्याच्या पुढे लांबणीवर पडली. "परवान्याचा नियम बदलला की जायचे," असे त्याला बजावण्यात आले.

आता वीज. गिरगावात रस्त्यावर गॅसचे दिवे आणि घरात घासलेटचे. शोध करता करता लालबागेत एक गिरणी सापडली. तिच्या तळघरातल्या अंधाऱ्या खात्यात विजेचे दिवे होते आणि ते पेटवणारे यंत्र उत्तम नावाच्या मिस्त्रीच्या ताब्यात होते. उत्तम भला माणूस. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"भरून देतो की. पण आमचं यंत्र दिवसाच चालतं. गिरणी सुटली की बंद. आणि ह्या पेट्या भरायला दहा तास धरा. सकाळी आठाला आणायची, संध्याकाळी सहाला न्यायची."

"रात्री भरून ठेवली तर?"

"रात्री कोणाचे दिवे लावू, साहेब?"

गणपतरावांची कचेरी साडेदहा ते साडेपाच. म्हणजे त्यांनी कोटात असायच्या वेळी गाडीने लालबागेत असणे आवश्यक होते. पंचवीस मैलांचा भरवसाही लवकरच कळला. मुंबईची हवा थंड नव्हती, रस्ता सपाट नव्हता. लालबागेहून गिरगावात येईपर्यंत गाडी धापा टाकी आणि उरलेली वीज रात्रभरात कुठे जाई ते कोणालाच कळत नसे. सकाळी ती दगडासारखी दारात उभी असे. तिला लालबागेला कशी न्यायची?

 धोंडूने मैनाला आणून पुढे जुंपले.

तेव्हापासून नित्यक्रम बसला. सकाळी मैना विजेची गाडी ओढत लालबागेला नेई. पूर्वी तिच्यामागे हलके शिग्राम असे, आता शिशाचा डोंगर होता. चढ आला की धोंडू खाली उतरून मागून ढकली. दिवसभर गाडी वीज खाई आणि मैना उन्हात उभी राही. संध्याकाळी गाडी आपल्या बळावर परत येई, पण परवान्यातल्या अटीप्रमाणे मैना पुढेच लागे. म्हणून धोंडू गाडी मैनाच्या चालीने हाकी. फरक एवढाच की दोरी सैल असे. शिग्राम मोडीत निघाले होते, म्हणून गणपतराव ट्रामने कचेरीत जात. आधी गाडीला निरोप द्यायला ते दारात थांबत, त्यामुळे ट्राम चुके आणि मस्टरावर रोज लाल रेघ पडे. रविवारी ते घरी असत, तर गिरणी बंद. विकत घेतलेल्या गाडीत ते अजून बसले नव्हते.

"तुम्हीच सांगा ना यांना," अंबिकाबाई मला म्हणाल्या. "मुकी घोडी मरेल एक दिवस. धोंडू रात्री तिचे पाय शेकत बसतो."

मी सांगणारच होतो. पण त्या संध्याकाळी काळाचौकीहून आणि थेट माहीमहून मंडळी गाडी बघायला आली, "चिटणीस कोण?" म्हणून माझी चौकशी झाली, आणि तो विषय राहिला.

दसरा आला. गाडीला झेंडूची माळ, मैनालाही माळ. गणपतराव प्रथमच गाडीत चढले आणि उभ्यानेच बोलले. "सभ्य गृहस्थहो, जनावराच्या पाठीवर जगण्याचे दिवस संपले!" मैनाने त्याच क्षणी मान झटकली आणि तिची माळ थेट त्यांच्या पायांवर पडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पाहिले, शंभरएक माणसे होती, आणि प्रत्येक जण गाडीकडे बघत होता. घोडीकडे बघितले तर आपण मागासलेले ठरू, ही भीती सगळ्यांना होती. मलाही होती.

पूजा आटोपल्यावर धोंडू पुढे आला. मी म्हटले, आता हा राहण्याची मुदत मागणार.

"भाऊनू, दसरो झालो. मी जातंय. मैनाक घेऊन जातंय. चौदा वर्सांचो तुमच्याकडे साठलेलो पगार नको, ती द्या."

गणपतरावांनी मैनाचा लगाम पकडला. "आणि गाडी? उद्या लालबागेला कोण नेणार?"

"ती बिनघोड्याची आसा ना?"

सारी वाडी ऐकत होती. गणपतरावांना हो म्हणावेच लागले.

धोंडू मैनाला गाडीपासून सोडवून तिच्यासह चालता झाला. काळजीचे कारण नव्हते. माणूस चतुर निघाला. आज परळला त्याचा स्वतःचा तबेला आहे आणि मैना त्यात नुसती बसून हरभरे खाते. विजेच्या गाड्या घेणाऱ्या बड्या घरांना तो घोडे पुरवतो, पहाटे, लोक उठण्यापूर्वी. गणपतराव त्याचे पहिले गिऱ्हाईक. परवा मी त्याला विचारले, धंदा कसा काय आहे?

"बरो आसा. घोड्याच्या गाडीवाले भाड्यासाठी घासाघीस करीत. हे करीत नाय. हे लाजतत."

हे सारे मी माझ्या नोंदवहीतून उतरवले आहे. वाचताना तुम्ही गणपतरावांना हसलात, ते ठीकच. दसऱ्याला मीही मनातल्या मनात पोट धरून हसलो होतो. माझी विजेची गाडी आता बोटीवर आहे, पुढच्या महिन्यात येईल. धोंडूकडे घोडा सांगायला गेलो तर त्याने यादी काढली आणि मला तेविसावा नंबर दिला. वरची बावीस नावे मी वाचली आहेत. तुमचे आडनाव काय म्हणालात?