देवघरातली साठ अंडी

स्नान, स्तोत्र आणि जप झाल्याशिवाय मी पाणी पीत नाही, आणि पोटासाठी कोंबडीच्या अंड्यांत घोड्यांच्या फ्लूचे विषाणू वाढवते. माझ्या हातचं अंडं कधी वाया जात नाही. हे मी नम्रपणेच सांगते, पण सांगते!

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला रायपूरजवळ सिलतऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या प्रयोगशाळेचा ट्रान्सफॉर्मर जळाला. इन्क्युबेटर थंड पडू लागला. आत दहा दिवसांची साठ अंडी, विषाणू दुसऱ्या दिवशी टोचायचे होते. ही गेली तर नवी यायला महिना, आणि तोवर लसीचं काम दुसऱ्या शहरात जाणार, असं वरून बजावलेलं. आमचे डॉक्टर शालिग्राम डोकं धरून बसले. मी हळूच म्हणाले, "सर, आमच्या घरी ऊब आहे."

देवघरात अखंड दिवा, त्याला लागून कोठी. कोठीत एक बल्ब लावला की झालं, असा माझा बेत. पण चौबे कॉलनीतल्या आमच्या दारातच सासूबाईंनी ट्रे पाहिले. नवरात्रात अंडी! ही खायची नाहीत, आत जीव आहे, असं म्हणत मी एक अंडं टॉर्चवर धरलं. लाल शिरा, मधे धडधडणारा ठिपका.

"हव, हा तर हालून राहिला," त्या पुटपुटल्या. मग माझ्यावरच डाफरल्या, "लेकराले कोठीत ठेवतात का कोणी?"

साठही अंडी थेट देवीसमोर, बल्बही तिथेच! उबवणीची अंडी अधूनमधून उलटावी लागतात, म्हणून आरतीला आलेल्या बायकांनी नाम घेत घेत एकेक अंडं फिरवलं. सकाळी पाहते तर साठच्या साठ जिवंत. आमच्या इन्क्युबेटरला हे कधी जमलं नव्हतं.

प्रयोगशाळेत वीज आल्याचं कळलं आणि मी ट्रे उचलायला गेले, तर सासूबाई दारात आडव्या. घट बसले की देवीपुढचं काही हलत नाही म्हणे. "अन् तिकडं नेऊन काय करशील यांचं?"

मी खोटं बोलत नाही. टोचणार, वाढवणार, मग थंड करून आतलं पाणी काढणार, असं सांगितलं.

"अन् लेकरं?"

ती थंडीतच जातात, हेही सांगितलं. तेवढ्यात मामंजींनी, म्हणजे यशवंतरावांनी, लस कोणासाठी ते विचारलं. घोड्यांसाठी म्हणताच त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या घोडदळातून नागपूरहून रायपूरला आले. मामंजींचा स्वतःचा जन्म लूनावर गेला, पण ताठ अगदी घोडेस्वारासारखे झाले.

"लता," ते सासूबाईंना म्हणाले, "आपण घोड्यावर बसून आलो इकडं. नेऊ दे तिले."

सासूबाईंनी देवीला हात जोडले. शेवटी म्हणाल्या, "बारा माझे."

उरलेल्या अठ्ठेचाळिसांत विषाणू असे वाढले की डॉक्टरांनी चाचणी दोनदा करवली. लसीचं काम रायपुरातच राहिलं! वरून अभिनंदनाचं पत्र आलं, त्यात देवीचा उल्लेख 'उष्णतेची पर्यायी व्यवस्था' असा होता.

कोजागिरीपर्यंत सासूबाईंच्या टोपलीत अकरा पिल्लं चिवचिवू लागली. मी कौतुकाने कण्यांची वाटी घेऊन गेले, तर त्यांनी टोपलीवर पदर धरला.

"तू नको येऊ जवळ, अनुश्री. तुले पाहून भेतात ते."