पुंडलिकनानांचा फाया

लोक कानात अत्तराचा फाया ठेवतात. आमचे शेजारी पुंडलिकनाना कोरा कापूस ठेवत. जळगावच्या एका कापूस पिंजायच्या जीनमध्ये ते फिटर होते आणि वारा कुठे कोंडलाय हे कापूस धरून शोधत. कुणाची चूल धुमसली की नानांचा हात कानाकडे गेलाच. एकदा सभेत लांबलेल्या वक्त्याकडे त्यांनी तो धरला नि मला म्हणाले, "वारा शे, पन काम नही."

एकटा जीव, पण डोकं अफाट. त्या श्रावणात झड लागली, आमच्या तान्हीचे लंगोट वाळेनात, ओल्याने तिला खोकला धरला. नानांनी दोन दिवसांत आपल्या घरात पत्र्याचं कपाट उभं केलं. खाली निखाऱ्यांची शेगडी, मध्ये दांड्या, वर छपराबाहेर धुराडं. तासाभरात लंगोट कडक. आळीने तोंडात बोटं घातली.

फक्त समोरच्या भागाअक्का खिडकीतून म्हणाल्या, "ओ खटपट्या, घर पेटाडी देशी एक दिन." नानांशी भांडणं हा त्यांच्या दम्यावरचा एकमेव उतारा होता.

आठवड्याने कपाट रुसलं. दुपार झाली तरी लंगोट दमटच, तान्हीचा खोकला वाढलेला. मी म्हटलं, कोळसा वाढवू.

"आग वाढाडू नका, वाफले वाट द्या." हे नानांचं ठरलेलं वाक्य. पण या वेळी त्यांनी शेगडी बदलली, दांड्या बदलल्या, कापसाला मात्र हात लावला नाही. छपरावरही कुणाला चढू देईनात. आळी हसू लागली. नाना मान खाली घालून ऐकून घेत.

ते कामावर गेल्यावर मीच वर चढलो. धुराड्याच्या तोंडात नानांच्या फेट्याचा बोळा कोंबलेला होता. समोर दोन हातांवर भागाअक्कांची खिडकी, आणि आत त्या धापा टाकत बसलेल्या.

संध्याकाळी बोळा मी नानांपुढे टाकला. खोकत होती ती माझी पोर, मला राग आला होता. "धूर जातो तर अक्कांना सांगायचं, खिडकी लावून घ्या."

नानांनी बोळा उचलून झटकला. "धुराडं उच्चं कराले पत्रा नव्हता, मास्तर. मांगाले लाज वाटनी. आनि तिनी खिडकी लाई ली, तर मी एकला, मनासंगे कोन बोली?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी घासलेटचे रिकामे डबे कापून आम्ही धुराडं अक्कांच्या छपराच्या वर नेलं. नानांनी कापूस धरला, तो फडफडला. घटकाभरात लंगोट वाळले.

"ओ खटपट्या," खिडकीतून आवाज आला, "वाळनात का कपडा?"

नानांनी कापूस कानात ठेवला. वाळलेले लंगोट हळूच माझ्या हातात दिले.

"नही व अक्का," ते मोठ्याने म्हणाले, "आजून दमटच शेतस." आणि शिव्या ऐकायला ओट्यावर ऐसपैस बसले.