साखळी प्रार्थना आणि सोळा शहाळी

मार्थाबाईंनी एकदा मनावर घेतलं की देवाचीसुद्धा सुटका नसे. विश्रामबागेतल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढलेली बाई, डॉक्टरांनाही "हात धुतले का नीट?" असं विचारणारी. ती गुडघे टेकून बसली की मागितलेलं घेऊनच उठणार.

या खेपेला त्यांनी मनावर घेतलं होतं ते भाचीचं गणित. भाची म्हणजे रिबका, भावाची मुलगी. भाऊ फौजेत जम्मूला, वहिनी पाटणला अंगणवाडीत. दहावीसाठी पोरगी आत्याकडे सांगलीला आली आणि पहिल्याच चाचणीत गणितात चाळीसपैकी सात मिळवून बसली.

"आमच्या घराण्यात गणितात असं कधी झालं नाही," मार्थाबाई रोज जेवताना सांगायच्या. "मला पैकीच्या पैकी होते." रिबका मान खाली घालून भात कालवत राही.

एवढ्यावर भागलं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर एका रविवारी उपासनेत पाळकसाहेब दयासागर म्हणाले, "आता कोणीही मोठ्यानं प्रार्थना करावी." मार्थाबाई उठल्या. देवाचा गैरसमज होऊ नये म्हणून त्यांनी त्याला सगळा तपशील दिला. मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी, सात गुण, आणि त्यातले दोन गुण गणिताच्या बाईंनी दया येऊन दिलेत, हेसुद्धा. मागच्या बाकावर रिबकाच्या वर्गातल्या तिघी बसल्या होत्या. सोमवारपासून शाळेत रिबकाचं नाव 'सात' पडलं.

त्या दिवशी पोरगी घरी आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि पेटी भरायला बसली.

"मी पाटणला चालले. शाळा बास."

"अगं, पण..."

"तू सगळ्यांना सांगितलंस, आत्या."

मार्थाबाईंनी आयुष्यात खूप रक्त पाहिलं होतं, पण त्या पोरीच्या डोळ्यातलं पाणी बघवेना. शेवटी तह झाला. रिबका पूर्वपरीक्षेपर्यंत थांबेल. पण तिच्या गणिताचा 'ग' जरी आत्याच्या तोंडून बाहेर गेला, तर पेटी घेऊन सरळ एसटी. पेटी भरलेलीच खाटेखाली राहिली. रोज झाडताना मार्थाबाईंचा झाडू तिला लागायचा आणि काळजात कळ यायची.

मग पूर्वपरीक्षा आली. बुधवारी बीजगणित, अकरा ते एक. आता गप्प बसून राहणं मार्थाबाईंना शक्य होतं का? एकटीच्या प्रार्थनेनं सातावरून पुढं सरकत नव्हतं, जोर लावायला माणसं पाहिजेत. आणि तोंडातून 'ग' तर काढायचा नाही. मंगळवारी दुपारी त्यांना तोडगा सापडला आणि त्यांनी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं:

"उद्या अकरा ते एक, रिबकासाठी साखळी प्रार्थना. आठ घरं, प्रत्येकी पंधरा मिनिटं. विषय गुप्त. देवाला ठाऊक आहे. कोणी फोन करून विचारू नये."

एक घर झालं की त्यानं पुढच्याला कळवायचं, मध्ये खंड पडू द्यायचा नाही, अशी ही साखळी. मार्थाबाई स्वतःवर खूश झाल्या. वचनही पाळलं आणि जोरही लावला.

त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. त्या मंडळीत साखळी प्रार्थना आजवर तीनदाच झाली होती. पाळकसाहेबांच्या हर्नियाला, राहीबाईंच्या पित्ताशयातल्या खड्यांना आणि एका म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूला. साखळी म्हणजे ऑपरेशन, हे तिथं लहान पोरालाही पाठ होतं. त्यात कळवणार कोण, तर थिएटरची सिस्टर. त्यात वेळ ठरलेली आणि विषय गुप्त. मंगळवारी संध्याकाळपर्यंत विश्रामबाग ते मिरज रस्ता प्रत्येक ख्रिस्ती घरात चुलीवरचं दूध उतू गेलं.

बुधवारी सकाळी रिबका पॅड आणि कंपास घेऊन निघाली. मार्थाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि मिटलं. अकराच्या ठोक्याला त्यांनी मोबाइल तांदळाच्या डब्यात कोंबला, चटई टाकली आणि गुडघे टेकले.

सव्वाबारा झाले असतील. दारात राहीबाई, एका हातात थर्मास, दुसऱ्यात शहाळं, डोळे लाल.

"सलाम मार्थाताई. तुमी घरातच?"

"सलाम. मग कुठं असणार?"

"मला वाटलं आत सोडत असतील तुमास्नी. सिस्टर म्हणून." राहीबाईंनी थर्मास ठेवला. "तांदळाची पेज हाय. शुद्धीत आल्यावर द्या. कसं चाललंय आत?"

ही बया कशाबद्दल बोलतेय हे मार्थाबाईंना कळेना. पण प्रार्थनेच्या मध्येच कोण खोलात शिरणार? त्या म्हणाल्या, "निम्मं झालंय."

राहीबाई मटकन खुर्चीत बसल्या. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पलीकडून निवृत्त हवालदार लालासाहेबांचा आवाज खोलीभर घुमला. "राहीबाई, सहा पोरं रक्त द्यायला उभी केल्यात. माझंबी ओ पॉझिटिव्ह हाय. पर सांगली-मिरजेचं पाच दवाखानं पालथं घातलं, रिबका नावाची पेशंटच न्हाई कुठं!"

मार्थाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगावं, तर खाटेखालची पेटी. खोटं सांगावं, तर आत्ताच गुडघ्यावरून उठलेल्या. त्यांनी मधला मार्ग काढला.

"देवाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"म्हंजे कर्नाटकात न्हेली," राहीबाईंनी फोनमध्ये सांगितलं. "लय गंभीर दिसतंय."

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या चंदनबाला कोथिंबीर मागायला वर आल्या. जैन बाई, मंडळीशी संबंध नाही, पण शेजारधर्म पक्का. ऑपरेशनचं ऐकून त्यांनी आधी णमोकार मंत्र म्हटला आणि मग कपाळावर आठी आली.

"पर मी तर तिला साडेधाला गणवेशात जाताना बघितलं की."

"आजारी पोरीला शाळंला धाडली?" राहीबाई ताडकन उठल्या. हे लालासाहेबांनाही ऐकू गेलं. "तुमी घाबरू नका," फोनमधून हुकूम आला, "पोरगीला आमी भायेर काढतो."

फोन बंद. राहीबाई शहाळं घेऊन जिन्यावर. मार्थाबाईंनी तांदळात हात घालून मोबाइल शोधला. छप्पन्न फोन येऊन गेले होते. लालासाहेब उचलेनात. आता शाळेच्या दारात जाऊन तो माणूस काय ओरडेल याचा नेम नव्हता. पोरगी एसटीत बसलेली मार्थाबाईंना दिसायला लागली.

"चंदनबाला, गाडी काढा. ती मंडळी पोचायच्या आधी मी पोचणार म्हणजे पोचणार."

दोन तास गुडघे टेकायची तयारी असलेल्या बाईला स्कूटीवर टांग टाकता येईना. शेवटी एका अंगाला बसल्या, एका हातानं चंदनबालांचा खांदा धरला, दुसऱ्यानं पदर. सिग्नल लागला, मध्येच उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या. शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा एकला पाच कमी होते आणि अख्खी मंडळी आधीच हजर होती. सोळा शहाळी, सहा रक्तदाते, आणि चर्चच्या वऱ्हांड्यात असते ती चाकाची खुर्ची. शिपाई फाटक उघडेना. "पेपर चाललाय" एवढंच म्हणत होता. म्हणून सगळ्यांनी तिथंच डोळे मिटले होते आणि पाळकसाहेब मोठ्यानं प्रार्थना करत होते.

"आमेन म्हणा आणि घरी जा," मार्थाबाई कुजबुजल्या. "पाया पडते."

तोवर घंटा झाली.

पोरींचा लोंढा बाहेर आला. त्यात 'सात' म्हणणाऱ्या तिघीही होत्या. रिबका फाटकात थबकली. तिनं शहाळी बघितली, खुर्ची बघितली, मग आत्याकडे बघितलं.

"सांगितलंस?"

"एक शब्द नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "खरंच नाही गं. म्हणून तर हे सगळं झालं."

लालासाहेब पुढं झाले. "बस पोरी खुर्चीत. ऑपरेशन कशाचं हाय ते इचारत न्हाई. गुप्त तर गुप्त."

रिबकाला सगळं समजायला थोडा वेळ लागला. आत्यानं ओठ इतके घट्ट मिटले होते की पांढरे पडले होते. तेवढं बघितलं आणि पोरीला काय वाटलं कोण जाणे, तिनं कंपास छातीशी धरली.

"ऑपरेशन नाही काका. बीजगणिताचा पेपर होता. मला गणित येत नाही."

एक शहाळं घरंगळत गटारीकडे गेलं.

"गणित?" लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आगं, मग आदी न्हाई का सांगायचं? मी तीनदा बसलो दहावीला. चौथ्यांदा बसाय नको म्हणून भरतीला पळालो."

"मला पस्तीस होते," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "बरोब्बर पस्तीस. अजून मंडळीपुढं साक्ष देतानासुद्धा सांगितलं नाही कुणाला."

"मला तर पाढं सोळापतूरच," राहीबाई म्हणाल्या.

रक्त द्यायला आलेल्या सहांपैकी चौघांनी हात वर केले. 'सात' म्हणणाऱ्या तिघींतली एकसुद्धा जवळ सरकली आणि आपले नऊ गुण सांगून गेली. रिबकाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायला लागला. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे मार्थाबाईंकडे वळले.

"आमच्या आत्याला पैकीच्या पैकी होते," रिबका म्हणाली.

मार्थाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. लबाडी फार वर्षं सांभाळली होती.

"मार्च, ऑक्टोबर आणि परत मार्च," त्या म्हणाल्या. "तीनपैकी तिन्ही वेळा गणितालाच बसले होते."

पोरगी हसली. सांगलीत आल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून हसली.

"उद्या भूमिती आहे," तिनं डोळे पुसत मंडळीला सांगितलं. "सगळ्यांनी या. पण प्रार्थना लालाकाका करतील. आत्या नको, ती फार तपशील देते."

सकाळपासूनच्या धावपळीनं मार्थाबाईंचे गुडघे धरले होते. स्कूटीवर चढणं काही जमेना. शेवटी चाकाच्या खुर्चीत त्याच बसल्या, मांडीवर शहाळं, मागून रिबका ढकलतेय.

"आत्या, शेवटचं गणित आलं मला. ऐक हं, आधी 'क्ष' एका बाजूला घ्यायचा..." सगळ्या पायऱ्या सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "समजलं?"

नेहमीसारखं "हो" मार्थाबाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते शहाळ्याच्या पाण्याबरोबर गिळलं.

"नाही गं."

"मग परत सांगते," रिबका म्हणाली आणि तिनं खुर्ची रस्त्याच्या कडेला घेतली.