दम मोजणारे दौलूनाना

आष्ट्याच्या दौलूनानांनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘कसं काय’ म्हणून विचारलं नसेल. ते समोरच्याच्या छातीकडे बघत, पलटणीतल्या जुन्या घड्याळावर नजर ठेवत आणि मिनिटभरानं निकाल देत, “बावीस. पळत आलासा व्हय?” मी तेव्हा तिथल्या गुरांच्या दवाखान्यात कारकून होतो. आमच्या साहेबांना त्यांनी एकदा भर कचेरीत “अठ्ठावीस! बिडी कमी करा” असं बजावलं. साहेबांनी घाबरून दोन दिवस बिडी सोडली.

एकाहत्तरच्या लढाईनंतर नाना पेन्शनीत आले आणि त्यांनी विलायती पांढरी डुकरं पाळली. भावकी नाक धरून हसली. नाना मात्र रोज सकाळी डुकरांची हजेरी घ्यायचे. नराचं नाव सुभेदार. सुभेदार आणि त्याची मादी एकाच आईची पिल्लं. बाहेरून दुसरा नर आणा, असं मी सुचवलं तर म्हणाले, “घरातलं घरात बरं, गड्या. मीबी मामाचीच पोरगी केली. काय बिघडलं?” आत त्यांच्या बायकोनं, सोनाकाकूंनी, भांडं जरा जोरात आपटलं. त्यांची दोन्ही लेकरं चालायला लागायच्या आधीच धाप लागून गेली होती. भावकीनं सगळा बोल काकूंना लावला होता.

पहिल्या वेतात तीन पिल्लं वेगळी निघाली. पोटावर लाल चट्टे, खूर सुजलेले. पुढे चट्ट्यांवर जाड खपल्या धरल्या. नानांनी करंजाचं तेल आणि गंधक चोळून चोळून हात पिवळे केले. खपल्या मऊ पडल्या तसे ते खूश झाले. पण महिन्याभरात पिल्लं धापू लागली. नाना गोठ्यात आडवे होऊन बरगडीला कान लावायचे आणि मला आकडे सांगायचे. साठ. ऐंशी. तिन्ही गेली. दुसऱ्या वेतातही तेच झालं, तेव्हा नाना मेलेलं पिल्लू टॉवेलात गुंडाळून मिरजेला निघाले. आमच्या दवाखान्यात कापून बघायची सोय नव्हती, म्हणून मला सोबत घेतलं.

तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी फुफ्फुस कापून दाखवलं. घट्ट झालं होतं. “कातडी, खूर, फुफ्फुस, सगळं एकाच मुळाचं,” ते म्हणाले. “वरून तेल लावून आतलं थांबत नाही. हे जन्मतःच येतं.”

“मादीचा दोष म्हना की.”

“छे! एकट्या मादीनं काही होत नाही. नराकडूनही यावं लागतं. दोघं दिसायला धडधाकट असतात. एकाच घरातली असली की असं जुळायचा संभव जास्त.”

परतीच्या एसटीत नानांनी कुणाचाही दम मोजला नाही.

घरी काकू तांदूळ निवडत होत्या. नाना उंबऱ्यातच थांबले. मी मागे उभा आहे हेही ते विसरले.

“आगं, डाक्टर म्हनत्यात, दोष दोगांकडनं यावा लागतो. आपल्या पोरांचंबी तसंच आसंल. लोक तुला बोलत हुते आन् मी गप ऱ्हायलो. चुकलं माजं.”

काकूंचा हात सुपातच थांबला. त्या म्हणाल्या, “येवढं कळाय डुकरं पाळावी लागली व्हय तुमास्नी?” आणि पदर डोळ्यांना लावून त्यांनी पाटावर जागा करून दिली.

नाना बसले. मी पहिल्यांदाच त्यांच्या छातीकडे बघून दम मोजला. बत्तीस. आणि एसटी स्टँडपासून आम्ही अगदी सावकाश चालत आलो होतो.