आठवा उमेदवार

चर्चच्या जुन्या पाळकांचं ते पत्र मास्तरांनी एकोणीस वर्षं शब्दकोशात दडवून ठेवलं होतं, आणि एकोणीस वर्षं त्या शब्दकोशातली 'ब'ची पानं उघडायचं टाळलं होतं. पत्र दोनच ओळींचं होतं. "मंडळीची नोंदवही नव्याने उतरवतो आहे. आपल्या बाप्तिस्म्याची तारीख सापडत नाही, तेवढी कळवावी."

कळवणार काय, कपाळ? तारीख नव्हतीच.

चौदाव्या वर्षी ज्या रविवारी मास्तरांचा नंबर होता, त्याच रविवारी त्यांना गोवर निघाला. पुढच्या वर्षी पाण्याची भीती आडवी आली. मग ते बाहेरगावी शिकायला गेले, छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले, आणि परत आले ते चष्मा अन् टक्कल घेऊन. एवढ्या वाचणाऱ्या माणसाचा बाप्तिस्मा झाला असणारच, असं सगळी मंडळी धरून चालली. बाप्तिस्म्याचा वर्ग त्यांच्याकडे आला आणि ते 'मास्तर' झाले. पुढे त्यांनी 'बाप्तिस्मा : अर्थ आणि गरज' ही अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली. तिची तिसरी आवृत्तीसुद्धा निघाली. पोहायला शिकवणाऱ्याला 'तुम्हाला पोहता येतं ना?' असं कोण विचारतं?

त्या शनिवारी दुपारी देवळातल्या व्यासपीठाच्या फळ्या काढून खालचा हौद भरला होता. दुसऱ्या दिवशी त्यात बुडवून सात जणांचा बाप्तिस्मा होणार होता, म्हणून ही रंगीत तालीम. मास्तरांची बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती. तरुण पाळक पाणी कोमट आहे का बघत होते. मास्तर काठावर उभे राहून सातही उमेदवारांना समजावत होते.

"इथे पाळक उभे राहतील, इथे तुम्ही. आणि पाण्याला अजिबात भ्यायचं—"

'नाही' हा शब्द पाण्याखाली गेला.

"गेले, गेले!" उमेदवारांमधल्या आजी किंचाळल्या.

"मास्तर, उभे राहा!" दुसरा उमेदवार, म्हणजे प्लंबर, ओरडला. हौदाचा नळ त्यानेच दुरुस्त केला होता. "कमरेएवढंच आहे!"

मास्तर उभे राहिले. चष्मा एका कानावर लोंबकळत होता. आजींच्या जिवात जीव आला आणि त्या खुदकन हसल्या. "वा! मास्तरांचा दुसऱ्यांदा झाला!"

इथे मास्तरांनी नुसतं हसायचं होतं. पण जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस. चूक दिसली की हात शिवशिवायचे. तोंडातून निघून गेलं, "दुसऱ्यांदा नाही. पहिल्यांदा."

बायकोच्या हातातला टॉवेल गळून हौदात पडला.

"नाकात पाणी गेलंय त्यांच्या," पाळक घाईघाईने म्हणाले.

"नाकात गेलंय, पण खरं तेच सांगतोय. माझा बाप्तिस्मा झालेला नाही. कधीच."

मास्तरांच्या कोटातून पाणी निथळत होतं.

"अहो, लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली!" बायको म्हणाली. "मोज्याला भोक पडलं तरी घरभर सांगत फिरता, आणि हे पोटात ठेवलंत?"

"विषय निघाला नाही."

"विषय निघाला नाही? अठ्ठेचाळीस पानं लिहिलीत की हो त्या विषयावर!"

प्लंबर व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "पाळकसाहेब, आता झालाय तो धरून टाका ना. हौद तोच, पाणी तेच, डोकंसुद्धा पूर्ण बुडलंय."

"पडणं वेगळं आणि उतरणं वेगळं," पाळक म्हणाले. "आपल्या पायांनी, आपल्या मनाने उतरावं लागतं."

"म्हणजे मास्तरांचं तारण इतकी वर्षं..." आजींनी घाबरून वर पाहिलं, "लोंबकळतच?"

"तारण विश्वासाने होतं, आजी. पान बारा," मास्तर पाण्यातूनच म्हणाले. दात वाजत होते. "पाणी तारत नाही. पाणी ही त्या विश्वासाची उघड साक्ष. प्रभूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या त्या चोराला स्वर्ग मिळाला, त्याचा बाप्तिस्मा कुठे झाला होता?"

हा चोर मास्तरांनी अशाच प्रसंगासाठी जन्मभर जपून ठेवला होता.

"त्याचे हातपाय खिळलेले होते," बायको म्हणाली. "तुमचे मोकळे होते."

याचं उत्तर अठ्ठेचाळीस पानांत नव्हतं. मास्तरांनी लोंबकळणारा चष्मा नीट बसवला. मग अगदी हळू म्हणाले, "उद्या... आठवा म्हणून मला घ्याल?"

पाळक अवघडले. "आनंदाने घेतलं असतं हो. पण वर्गाच्या मास्तरांनी तोंडी परीक्षा घेऊन 'योग्य' असा शेरा दिल्याशिवाय कुणाला हौदात उतरवता येत नाही."

"हा नियम कोणी केला?" आजींनी विचारलं.

"मीच. पान एक्केचाळीस," मास्तर म्हणाले.

"आणा इकडे, मी घेतो परीक्षा," प्लंबरने पुस्तिका उघडली. "मला दोनदा नापास केलंय यांनी. हां, प्रश्न पहिला. तुम्हाला बाप्तिस्मा का घ्यायचा आहे?"

त्या प्रश्नाचं नमुना उत्तर मास्तरांनी स्वतः लिहिलं होतं आणि प्रत्येक आवृत्तीत घासूनपुसून चकचकीत केलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. त्या उत्तरातला एकही शब्द आठवेना.

"मला लाज वाटायची," ते म्हणाले. "पाण्याची भीती केव्हाच गेली होती. पण चारचौघांत भिजायचं, 'मी प्रभूचा आहे' असं मोठ्याने म्हणायचं... देवाला मी रोज हो म्हणत आलो, पण दार लावून. उशीर झाला की उशिराचीही लाज वाटते. आज सगळ्यांनी पाहिलंच आहे, तर आता दार उघडंच राहू दे."

प्लंबरचं बोट पानावरून दोनदा फिरलं. "हे यात नाही."

"नाही," मास्तरांनी मान खाली घातली.

"मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून घ्या." त्याने पुस्तिका मिटली. "पास."

रविवारी आठवे उमेदवार एकेक पायरी मोजत उतरले. चष्मा बायकोच्या मुठीत होता. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाळकांनी त्यांना पाण्यात निजवलं आणि वर उठवलं. मास्तरांनी नाक इतकं घट्ट धरलं होतं, की ते सोडवायला प्लंबरला पुढे व्हावं लागलं.

सोमवारी सकाळी ते लिहायला बसले. जुने पाळक आता नव्वदीला टेकले होते, मुलीकडे राहत होते. तीन मसुदे टोपलीत गेल्यावर कार्ड तयार झालं. "आदरणीय पाळकसाहेब, तारीख कळवण्यास विलंब झाला, क्षमा असावी. कालची धरावी. सकाळी पावणेअकरा."

'क्षमा असावी'ऐवजी 'क्षमस्व' बरं दिसेल का, या विचारात त्यांनी पाचवं कार्ड पुढे ओढलं. तेवढ्यात बायकोने चौथं उचललं, वाचलं, त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, "मी पाहिलं."

मग पायांत चपला सरकवून ती स्वतःच कार्ड टपालपेटीत टाकून आली.